‘गिव्ह अप’ची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास ‘गिव्ह अप’ या जोडशब्दाचा अर्थ विचारला, तर तो एका दमांत ‘सोडून देणें’ असें सांगून मोकळा होतो. उत्तर चुकीचें नाहीं. विडी सोडणाऱ्या, नाद सोडणाऱ्या किंवा आशा सोडणाऱ्या माणसापुरतें तें अगदीं बरोबर आहे. पण त्याच मुलापुढें इंग्लंडच्या इतिहासांतलें एक वाक्य ठेवावें : बिशपनें आपले किल्ले राजाला ‘गिव्ह अप’ केले. मुलगा बेधडक लिहितो, ‘बिशपनें राजासाठीं आपले किल्ले सोडून दिले.’ वाचणाऱ्यास वाटावें कीं, बिशपमहाराजांस उपरति होऊन ते आतां काशीयात्रेस निघाले. वस्तुतः त्या समयीं बिशप राजाच्या कैदेंत होता आणि किल्ले दिल्यावांचून त्याची सुटका नव्हती. इतिहासाचा असा उलटा अर्थ ज्या दोन लहान शब्दांमुळें होतो, त्यांची कुळकथा समजून घेण्यासारखी आहे.

ही बिशपची गोष्ट काल्पनिक नव्हे. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री इ. स. ११३५ सालीं वारला. आपल्यामागें आपली मुलगी माटिल्डा हिला गादी मिळावी, अशी शपथ त्यानें सरदारांकडून घेवविली होती. परंतु त्याचा भाचा स्टीफन यानें घाई करून आपणांस राज्याभिषेक करवून घेतला. सॅलिस्बरीचा बिशप रॉजर हा हेन्रीच्या कारकीर्दींतला मोठा कारभारी. राज्याच्या जमाखर्चाची सारी व्यवस्था त्याच्या हातीं होती. त्याचा एक पुतण्या अलेक्झांडर लिंकनचा बिशप, दुसरा नायजेल ईलीचा बिशप, आणि रॉजर याच नांवाचा तिसरा, ज्याला लोक पुतण्या म्हणत पण जो बहुधा मुलगाच असावा, तो राजाचा चॅन्सेलर. एकाच घरांत एवढी सत्ता, आणि तिच्या जोडीला डिव्हायझेस, शेरबोर्न यांसारखे बळकट किल्ले! उद्यां माटिल्डा चालून आली तर हे किल्ले कोणाकडे वळतील, या शंकेनें स्टीफनची झोंप उडाली असल्यास नवल नाहीं.

११३९ च्या जून महिन्यांत ऑक्सफर्ड येथें दरबार भरला असतां बिशपच्या नोकरांची दुसऱ्या एका सरदाराच्या माणसांशीं उतरण्याच्या जागेवरून मारामारी झाली. राजाला एवढें निमित्त पुरलें. त्यानें दोघां बिशपांस व चॅन्सेलरास पकडलें. नायजेल तेवढा निसटला आणि डिव्हायझेसच्या किल्ल्यांत जाऊन बसला. तेव्हां राजा आपले कैदी बरोबर घेऊन त्या किल्ल्यापुढें गेला, आणि दरवाजा उघडला नाहीं तर चॅन्सेलरास येथेंच फांशीं देईन, अशी त्यानें धमकी घातली. दरवाजा उघडला. मग एकामागून एक सारे किल्ले राजाकडे गेले, आणि म्हातारा रॉजर त्याच वर्षीं डिसेंबरांत मरण पावला.

पीटरबरो येथील मठांत त्या काळीं इंग्रजी भाषेंत एक बखर लिहिली जात होती. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यापासून दरबारांत फ्रेंच आणि पोथ्यांत लॅटिन, अशी स्थिति झाली होती, व इतर मठांतल्या इंग्रजी बखरी बहुतेक बंद पडल्या होत्या. पीटरबरोची मात्र स्टीफनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ११५४ पर्यंत चालू राहिली. शेवटच्या लेखकानें स्टीफनच्या एकोणीस वर्षांच्या अंदाधुंदीचें वर्णन ११३७ या एकाच सालाखालीं केलें आहे, आणि ऑक्सफर्डची हकीकतहि त्यानें तेथेंच घातली आहे. सालापेक्षां त्याला संताप अधिक महत्त्वाचा वाटला असावा. बिशपांनीं किल्ले देईपर्यंत राजानें त्यांस बंदींत ठेवलें, हें सांगतांना त्यानें जें क्रियापद वापरलें तें ‘यावेन उप’, म्हणजे आजचें ‘गेव्ह अप’. या जातीच्या इंग्रजी क्रियापदांच्या अगदीं जुन्या नोंदींपैकीं ही एक होय.

‘गेव्ह’च्या जागीं ‘यावेन’ कां, असें कोणीहि विचारील. जुन्या इंग्रजींत ‘ए’ आणि ‘इ’ या स्वरांपूर्वींच्या ‘ग’चा उच्चार ‘य’ होत असे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवि देखील या क्रियापदाचें रूप ‘याफ’ असेंच लिहितो. आजचा खणखणीत ‘ग’ आला तो नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेस आणि पूर्वेस वस्ती करून राहिलेल्या डेन लोकांच्या तोंडून. त्यांच्या भाषेंत ‘गेफा’ हें क्रियापद होतें, इतकेंच नव्हे तर ‘गेफा उप’ हा जोडशब्दहि होता. पीटरबरो हें डेन लोकांच्या वस्तीच्या मुलखांतलेंच. त्यामुळें ‘अप’ हें शेंपूट त्यांच्याकडून आलें कीं तें मूळच्या इंग्रजींतच वाढलें, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. घराचा पाया आपला आणि विटा शेजाऱ्याच्या, असें भाषेंत नेहमींच घडतें.

त्यापूर्वींच्या अँग्लो-सॅक्सन भाषेंत अशीं अव्ययें क्रियापदाच्या मागें न लागतां पुढें चिकटत. ‘सोडून जाणें’ या अर्थीं ‘ऑफ’ पुढें लावून ‘ऑफयिएव्हान’ असें एकच पद करीत. संस्कृत जाणणाऱ्यास ही रीति ओळखीची आहे. ‘दा’ म्हणजे देणें, पण ‘आ’ हा उपसर्ग लागतांच ‘आदान’ म्हणजे घेणें होतें. हे पुढचे उपसर्ग इंग्रजींत झिजले, आणि त्यांचें काम मागून आलेल्या ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांनीं उचललें. जर्मन भाषेनें दोन्ही तऱ्हा राखल्या आहेत. तिच्यांत याच शब्दाचा सख्खा भाऊ ‘आउफगेबेन’ हा शरण जाण्याच्या अर्थीं येतो, पत्र टपालांत टाकण्याच्या अर्थीं येतो, आणि मुलांस घरचा अभ्यास देण्याच्या अर्थींहि येतो! अभ्यास देणारा गुरुजी आणि हात वर करणारा शिपाई यांस एकच क्रियापद पुरतें, हें पाहून कित्येक विद्यार्थ्यांस समाधान वाटेल.

आतां ‘अप’ म्हणजे तर ‘वर’. मग किल्ले देण्यांत वर काय गेलें? ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘बर्न अप’ यांत खाणें, पिणें, जळणें पुरें झालें एवढेंच ‘अप’ सांगतें. आपण ‘खाऊन टाकलें’, ‘जळून गेलें’ म्हणतों तसेंच. किल्ले अर्धे देतां येत नाहींत. शिवाय शरण आलेला मनुष्य जें देतो तें आपल्याहून वरच्यास देतो, असाहि तर्क करतां येतो. तो मात्र तर्कच समजावा.

मुख्य गोष्ट ही कीं, या पहिल्या अर्थांत घेणारा समोर उभा आहे. त्याच्या हातीं बहुधा तरवारहि आहे. महाराष्ट्राच्या वाचकास हा देखावा नवा नाहीं. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ सालीं पंढरपुरास खून झाल्यावर इंग्रजांनीं त्रिंबकजी डेंगळे यास ठाण्याच्या किल्ल्यांत ठेवलें. १८१६ च्या सप्टेंबरांत तो तेथून निसटला. पुढें १८१७ च्या मे महिन्यांत पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन यानें दुसऱ्या बाजीरावास निर्वाणीचा निरोप पाठविला : एक महिन्याचे आंत त्रिंबकजीस आणून द्यावें, आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड हे तीन किल्ले लागलीच द्यावे. बाजीरावानें किल्ले दिले, आणि १३ जून रोजीं पुण्याचा तह झाला. हें सांगतांना कोणीहि मराठी मनुष्य बाजीरावानें किल्ले ‘सोडून दिले’ असें म्हणणार नाहीं. तो म्हणेल, ‘हवालीं केले’, ‘स्वाधीन केले’. पीटरबरोच्या लेखकास म्हणावयाचें होतें तें हेंच. ‘हवालीं’ हा शब्द आपणांकडे अरबी-फारसी दरबारांतून आला, तसा इंग्रजींतला ‘सरेंडर’ नॉर्मन दरबारांतून आला. ‘गिव्ह अप’ मात्र साधा, घरगुती, शेतकऱ्याच्या तोंडीं शोभणारा राहिला. पुढच्या वर्षीं, १८१८ च्या जूनमध्यें, बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाला, तेव्हां त्याच्या सर्व हक्कांचा शेवट करणाऱ्या अटींत इंग्रजांनीं शब्द घातला तो ‘रिझाइन’. राज्य बुडविण्याच्या कागदावर घरगुती शब्द कसा चालेल?

‘गिव्ह अप’मधला घेणारा हळूहळू पुसट कसा होत गेला, याचें उत्तम उदाहरण मरणाच्या वर्णनांत मिळतें. ‘गिव्ह अप द घोस्ट’ हा प्रयोग चॉसरनें केलेला आहे, आणि १६११ सालच्या अधिकृत बायबलामुळें तो घरोघर गेला. ‘घोस्ट’ म्हणजे भूत एवढेंच शिकलेलीं मुलें येथें अडखळतात. पण त्या काळीं त्या शब्दाचा अर्थ प्राण किंवा आत्मा असा होता, आणि जर्मनींत तो ‘गाइस्ट’ या रूपानें अद्याप आहे. येशूच्या मृत्यूचें वर्णन करतांना योहानानें जें ग्रीक क्रियापद योजिलें आहे, त्याचा अर्थ ‘हवालीं केला’ असा होतो. देणारा आहे, आणि घेणारा परमेश्वर मनांत आहे. मार्काच्या व लूकाच्या ग्रंथांत मात्र मूळ ग्रीक शब्द ‘श्वास बाहेर टाकला’ एवढेंच सांगतो. १६११ च्या भाषांतरकारांनीं तिन्ही ठिकाणीं ‘गेव्ह अप द घोस्ट’ असेंच लिहिलें. त्यामुळें एका ठिकाणीं अर्पण आणि दोन ठिकाणीं नुसता शेवटचा श्वास, यांतला भेद इंग्रजी वाचकास दिसेनासा झाला. आज तर एखाद्याचें जुनें घड्याळ बंद पडलें तरी इंग्रज त्याच शब्दांत तें सांगतो. तेथें घेणारा कोणीच उरलेला नाहीं.

मराठींत या ठिकाणीं फार जपावें लागतें. ‘प्राण सोडला’ म्हणजे मृत्यु आला. ‘प्राण दिला’ म्हटलें कीं कोणासाठीं तरी दिला. ‘प्राण अर्पण केला’ म्हणजे त्याहून मोठें कांहीं. आणि ‘जीव दिला’ म्हणजे आत्महत्या केली. एका इंग्रजी शब्दाच्या पोटीं हीं चार दारें आहेत, आणि चुकीचें दार उघडल्यास भाषांतर करणारा एखाद्या साधूला विहिरींत लोटून मोकळा होतो. पण गंमत अशी कीं, घेणारा हरवून बसण्याची खोड आपल्या भाषेलाहि आहेच. ‘सोडून देणें’, ‘टाकून देणें’ यांत ‘देणें’ आहे खरें, पण कोणास? विडी सोडून दिली ती कोणाच्या हातांत दिली? येथें ‘देणें’ हें क्रिया पुरी झाली एवढेंच सांगतें, इंग्रजी ‘अप’प्रमाणें. उलट ‘देऊन टाकणें’ यांत घेणारा पुन्हा हजर होतो, आणि पुरेपणाचें काम ‘टाकणें’ करतें. इंग्रजांनीं जें शेपटीनें साधलें, तें मराठीनें दुसऱ्या क्रियापदानें साधलें. इंग्रजी जोडशब्द कठीण म्हणून रडणाऱ्या मराठी मुलास हें कोणी सांगत नाहीं, कीं परक्या मनुष्यानें मराठी शिकतांना ‘सोडून देणें’ आणि ‘देऊन टाकणें’ यांसाठीं तेवढेंच रडावें.

घेणारा एका ठिकाणीं मात्र कधींच हरवला नाहीं, आणि तेथेंच मोठी फसगत होते. शेक्सपीअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकांत कपटी यागो आपली बुद्धि, हात आणि हृदय ऑथेल्लोच्या सेवेला वाहिलें आहे अशी शपथ घेतो. तेथें क्रियापद आहे ‘गिव्ह अप’, आणि अर्थ ‘वाहणें’. गोल्डस्मिथच्या मृत्यूनंतर १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विनोदी कवितेंत एडमंड बर्कविषयीं टोमणा आहे, कीं सर्व मानवजातीसाठीं असलेली बुद्धि त्यानें एका पक्षाला वाहून टाकली. तेथेंहि हेंच क्रियापद. वॉरन हेस्टिंग्जवरील खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत लढवून बर्कनें त्या टोमण्याला पुढें उत्तर दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. या जागीं ‘सोडली’ असें भाषांतर केलें, तर बर्कनें पक्षासाठीं बुद्धि सोडली असें होऊन बसेल. तेंहि कित्येक पुढाऱ्यांस लागू पडतें, हा भाग वेगळा. यांतलें मर्म ‘टु’ या लहानशा अव्ययांत आहे. ‘गेव्ह अप ड्रिंक’ म्हणजे दारू सोडली. ‘गेव्ह हिमसेल्फ अप टु ड्रिंक’ म्हणजे स्वतःला दारूच्या स्वाधीन केलें. एकाचें घर वसलें, दुसऱ्याचें बसलें, आणि परीक्षेंत दोघांसहि ‘सोडून देणें’ हेंच उत्तर मिळतें.

अशा शब्दांनीं परक्यांची फजिती होते, हें मोकळ्या मनानें प्रथम मान्य केलें तें डॉक्टर जॉन्सननें. १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत तो सांगतो कीं, क्रियापदास अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही तऱ्हा इंग्रजींत इतर भाषांपेक्षां अधिक आहे, परकीयांस तीच सर्वांत जड जाते, आणि म्हणून तिची नोंद आपण विशेष काळजीनें केली आहे. एकट्याच्या जिवावर एवढा कोश रचणाऱ्या माणसाला दूरच्या अनोळखी विद्यार्थ्याची अडचण सुचावी, हें त्याच्या मोठेपणाचें लक्षण आहे. त्यानें तेथें दिलेल्या उदाहरणांत ‘थांबणें’ या अर्थीं ‘गिव्ह ओव्हर’ हा शब्द आहे. त्या शतकांत काम सोडणें, नाद सोडणें यासाठीं ‘गिव्ह ओव्हर’ हें पुष्कळ चाले. वैद्यानें रोग्याची आशा सोडली तरी तेंच म्हणत. मागाहून ‘गिव्ह अप’नें त्याची जागा घेतली. उत्तर इंग्लंडांत मात्र दंगा करणाऱ्या पोराला ‘गिव्ह ओव्हर’ म्हणून अजून दटावतात. म्हणजे ‘पुरे कर!’

जॉन्सननंतर दीडशें वर्षांनीं ऑक्सफर्डच्या महाकोशांत ‘जी’ या अक्षराचें काम हेन्री ब्रॅडले यानें केलें, अर्थात् ‘गिव्ह’हि त्याच्याच वांट्यास आला. ब्रॅडले कोणत्याहि विद्यापीठांत शिकलेला नव्हता. शेफील्ड येथें चाकूसुऱ्या करणाऱ्या एका पेढीवर त्यानें वीस वर्षें पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून काढलीं, आणि भाषा शिकला त्या फावल्या वेळांत. या जातीच्या क्रियापदांस ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव त्यानेंच सुचविलें, असें लोगन पिअरसॉल स्मिथ यानें १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. म्हणजे वस्तु आठशें वर्षांची आणि बारसें विसाव्या शतकांतलें!

त्यानंतर पांच वर्षांनीं, १९३० सालीं, सी. के. ऑग्डन यानें ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची ८५० शब्दांची छोटी इंग्रजी काढली. तींत क्रियापदें अवघीं अठरा. ‘गिव्ह’ त्यांत आहे, ‘अप’हि यादींत आहे, म्हणून ‘गिव्ह अप’ फुकट मिळाला, आणि ‘अबँडन’, ‘रिझाइन’, ‘सरेंडर’ या साऱ्यांस रजा मिळाली. ६ सप्टेंबर १९४३ रोजीं हार्वर्ड येथील भाषणांत चर्चिलनें या योजनेची भलामण केली. पण हा हिशेब धूर्त सावकाराच्या वहीसारखा आहे. मुद्दल थोडें दिसतें, पण व्याज मोजावें तों विद्यार्थी जेरीस येतो. कारण शब्द दोन, आणि अर्थ स्वाधीन करण्यापासून हात टेकण्यापर्यंत सारे. ‘अबँडन’ एकदां पाठ केला कीं तो निदान दगा देत नाहीं.

थोरामोठ्यांच्या प्रसंगांत इंग्रज आपले शब्द किती तोलून घेतो, हें १९३६ च्या डिसेंबरांत जगानें ऐकलें. आठव्या एडवर्डनें १० तारखेस ज्या कागदावर सही केली, त्यांत गादीचा त्याग करण्यास ‘रिनाउन्स’ हा भारदस्त शब्द होता. ११ तारखेच्या रात्रीं विंडसरच्या राजवाड्यांतून तो आकाशवाणीवर बोलला, तेव्हां त्यानें ‘क्विट’ म्हटलें, आणि आपलें ओझें खालीं ठेवण्यास ‘ले डाउन’ म्हटलें. गल्लीबोळांत बोलतांना लोकांनीं याचेंच ‘गेव्ह अप’ केलें. पुढें ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर इंग्रजांस जें सांगण्यांत आलें, तेंहि ‘क्विट’ असेंच. ‘गिव्ह अप’ म्हटलें असतें तर वस्तु देणाराची होती ही कबुली त्यांत आली असती. ‘चले जाव’मध्यें ती नाहीं.

घेणारा गेल्यावर शेवटीं वस्तुहि गेली. कोडें सुटत नाहीं तेव्हां इंग्रज मूल नुसतें ‘आय गिव्ह अप’ म्हणतें. काय दिलें, कोणास दिलें, कांहीं नाहीं. आपलें मूल ‘हरलों’ म्हणतें, तेवढाच अर्थ. गाडींत म्हातारीस आपली जागा देणाऱ्या उतारूच्या बाबतींत मात्र तेंच क्रियापद अजून वस्तूसकट आणि घेणारासकट चालतें. तेव्हां भाषांतराच्या वहींत हा शब्द आला, कीं ‘कोणास?’ असें आधीं विचारावें. उत्तर मिळालें तर ‘स्वाधीन करणें’, ‘वाहणें’ किंवा साधें ‘देणें’ पाहावें. न मिळालें तर ‘सोडणें’. बिशपच्या वाक्यांत उत्तर उघड आहे : राजास.

पीटरबरोची ती पोथी मठ मोडल्यावर हातोहात फिरत सतराव्या शतकांत आर्चबिशप विल्यम लॉड याच्याकडे आली. तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा चॅन्सेलर होता. त्यानें आपल्या इतर पोथ्यांबरोबर ती तेथील बॉडलीयन ग्रंथालयास देऊन टाकली, आणि ज्या शहरांत ११३९ सालीं बिशप पकडले गेले, त्याच शहरांत ती आज आहे.